विस्काचा : पंपासचा बिळकरी

दक्षिण अमेरिकेत, अर्जेंटिनाच्या पंपास या गवताळ मैदानात, विस्काचा नावाचा कृंतक म्हणजे कुरतडणारा प्राणी राहतो. आपल्या उंदराचाच हा लांबचा भाऊबंद; पण नराचे वजन ५ ते ८ किलोग्रॅम भरते! मादी बरीच लहान असते.

विस्काचे कळपाने राहून मोठी बिळे खणतात व रात्री बाहेर पडून गवत चरतात. हाडे, दगड, काटक्या असे जे कठीण सापडेल, ते आणून बिळाच्या तोंडाशी रचतात. कशासाठी? १८३३ मध्ये हे ढीग पाहून चार्ल्स डार्विनही कोड्यात पडला. एकाचे हरवलेले घड्याळ अशा ढिगात सापडल्याची हकिगत त्याने नोंदवली आहे.

विस्काचा गुरांच्या वाट्याचे गवत खातो, म्हणून विसाव्या शतकात त्याला मोठ्या प्रमाणावर मारण्यात आले. उंदरासारखी त्याची पैदास भराभर होत नाही. गर्भ सुमारे पाच महिने वाढतो आणि बहुधा दोनच पिल्ले होतात. शिवाय त्याच्या बिळांत एका जातीची लहान घुबडेही घर करतात. विस्काचा गेला, बीळ ढासळले, की त्या घुबडांचाही आसरा जातो. मग शत्रू ठरवण्यापूर्वी त्याचे शेजारी कोण, हे पाहायला नको का?