खाऱ्या पाण्याचा स्लॅब आणि रंगाऱ्याचे बिल

सोलापूरला समुद्र नाही. कोकणचा किनारा येथून अडीचशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. तरीही रत्नागिरी, श्रीवर्धन, मुरूडकडील स्लॅबच्या घरांना जो रोग होतो तोच आपल्या शहरातील अनेक घरांत दिसतो. छताचे पोपडे सुटतात, आतली सळई उघडी पडते, छज्जाचा तुकडा अंगणात कोसळतो आणि घरमालक रंगाऱ्याला बोलावतो. रंगारी पुट्टी भरतो, दोन हात रंग देतो, बिल घेऊन जातो. दोन पावसाळ्यांत तीच जागा पुन्हा फुगते. रोग सळईला आणि औषध रंगाला, असा हा प्रकार असून त्यात सामान्य कुटुंबांचा कष्टाचा पैसा दर दोन-तीन वर्षांनी पाण्यात जात आहे. म्हणून या पानावर आज हा विषय घेतला आहे.

प्रथम रोग समजून घेऊ. सिमेंट काँक्रीट हे ताजे असताना तीव्र अल्कधर्मी असते. त्यामुळे आतील सळईवर एक अतिशय पातळ संरक्षक थर तयार होतो आणि तो टिकून आहे तोवर लोखंड गंजत नाही. हा थर दोन वाटांनी जातो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत जाऊन त्याचा अल्कधर्म मारतो, ही एक वाट. दुसरी वाट मिठाची. मिठातील क्लोराइड सळईपर्यंत पोहोचले की काँक्रीट अल्कधर्मी असतानाही तो थर फोडते. गंजलेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा मागते. ती जागा त्याला आत मिळत नाही, म्हणून ते खालचे काँक्रीट ढकलून फोडते. तेव्हा पोपडा दिसला म्हणजे रोग सुरू झाला असे नव्हे. तो कधीच सुरू होऊन आता बाहेर आलेला असतो.

किनाऱ्यावर हे मीठ वाऱ्याबरोबर येते, आणि खाडीची वाळू न धुता वापरली तर पहिल्याच दिवशी काँक्रीटमध्ये जाऊन बसते. त्याची ताकद किती, हे मोठ्या पुलांनी दाखवून दिले आहे. पणजीचा मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला, तेव्हा त्याला वीस वर्षेही झाली नव्हती. आतील पोलाद गंजल्याचे निदान झाले. ठाणे खाडीवरचा पहिला वाशी पूल १९७३ साली खुला झाला. त्यालाही गंजाने ग्रासले आणि १९९७ साली शेजारी दुसरा पूल सुरू करावा लागला. जेथे मोठमोठे अभियंते आणि सरकारी तिजोरी होती तेथे ही गत, तर आखातात राबून आलेल्या पैशावर दापोलीकडे बांधलेल्या दुमजली घराची काय कथा! ती घरे वर्षातील दहा महिने कुलूपबंद असतात. आत वारा नाही, ओल सुकत नाही, आणि मालक ईदला येतो तेव्हा छताचे ढलपे जमिनीवर पडलेले असतात.

काँक्रीटच्या भारतीय मानकाने, म्हणजे आय.एस. ४५६ च्या २००० सालच्या आवृत्तीने, किनाऱ्यावरील हवा 'तीव्र' वर्गात टाकली आहे. तेथे सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे कव्हर आणि एम-३० दर्जाचे काँक्रीट सांगितले आहे. सौम्य हवेत हेच कव्हर २० मिलिमीटर चालते. आपल्याकडील गवंडी व सेंटरिंगवाले कामानिमित्त पुण्या-मुंबईकडे आणि पुढे किनाऱ्यावरही जातात. त्यांनी हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. सोलापूरच्या सवयीने किनाऱ्यावर स्लॅब टाकणे म्हणजे मालकाला दहा-पंधरा वर्षांनी येणारे दुरुस्तीचे बिल आजच लिहून देणे होय.

आमच्याकडे मीठ कोठून आले?

आता घरची गोष्ट. सोलापुरातील जुनी घरे माळवदाची होती. लाकडी तुळया, वर फळ्या-चिपा आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याच्या तोंडी माळवदावर नवी माती टाकून ती चोपून बसवायची, पन्हाळी मोकळी करायची, हे दरसालचे काम होते आणि त्याची कोणी तक्रार करीत नसे. पुढे माळवदे उतरली, स्लॅब आले आणि लोकांची अशी समजूत झाली की स्लॅबला काही करावे लागत नाही. आमच्या मते निम्मा घोटाळा येथेच आहे. मातीच्या छपराला वर्षाला दोन दिवस देणारा माणूस सिमेंटच्या छपराला वीस वर्षांत दोन तास देत नाही.

उरलेला निम्मा घोटाळा पाण्याचा. भीमेवरील उजनीचे पाणी शहराला मिळत असले तरी नळाला काही दिवसांआड पाणी येण्याची सवय सोलापूरकरांना कित्येक वर्षांची आहे. प्यायला पुरेना तेथे बांधकामाला नळाचे पाणी कोण देणार? म्हणून बांधकाम बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर होते आणि अनेक वस्त्यांतील बोअरचे पाणी मचूळ आहे. पाणी जड असणे आणि खारे असणे यांत फरक आहे, हेही सांगितले पाहिजे. भांड्यावर पांढरा थर बसवणारा चुन्याचा क्षार सळईचे विशेष वाईट करीत नाही. वाईट करते ते क्लोराइड.

गवंड्यांत एक जुना नियम आहे : 'जे पाणी पिता येते ते सिमेंटला चालते.' नियम चांगला आहे, पण आपल्या भागात तो फसवतो. पिण्याच्या पाण्याच्या मानकात क्लोराइड लिटरला २५० मिलिग्रॅमपर्यंत असावे असे म्हटले आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर १,००० पर्यंत चालवून घेतले आहे. लोखंडी सळईच्या काँक्रीटसाठी मात्र आय.एस. ४५६ ने ५०० ची मर्यादा घातली आहे. म्हणजे नाइलाजाने माणसाने प्यायलेले पाणीसुद्धा स्लॅबला अपायकारक असू शकते! जिभेला किंचित खारट लागणारे पाणी बांधकामाआधी तपासून घ्यावे. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत पाण्याची तपासणी होते. तिचा खर्च एका स्लॅबच्या खर्चापुढे काहीच नाही.

कालवण्याच्या पाण्याकडे एखादा मालक तरी पाहतो, क्युरिंगच्या पाण्याकडे कोणीच पाहत नाही. एका घनमीटर काँक्रीटला दोनशे लिटरच्या आसपास पाणी लागते. क्युरिंगला मात्र दोन आठवडे रोज पाणी मारावे लागते. सोलापूरच्या उन्हात ते पाणी उडून जाते आणि त्यातले मीठ तेथेच राहते. कडक ऊन आणि खारे पाणी ही जोडी आखाती देशांनी चांगलीच भोगली आहे. सत्तरच्या दशकातील तेलाच्या भरभराटीत तेथे घाईने उठलेल्या कितीतरी इमारती दहा-पंधरा वर्षांतच फुटू लागल्या. त्या दृष्टीने सोलापूरची हवा कोकणापेक्षा आखाताला जवळची आहे. उष्णतेत गंजाचा वेग वाढतो.

रंगकामाचे कारखानेही या यादीत येतात. सुती धाग्याला पक्का रंग बसावा म्हणून रंगाच्या पाण्यात मीठ घालतात. ज्या घराच्या तळमजल्यावर डाईंग चालते तेथे खांबांचे पाय वर्षभर मिठाच्या पाण्यात उभे असतात. आमच्या यंत्रमाग व चादर-टॉवेलच्या धंद्यातील बांधवांनी खांबांचे खालचे तीन फूट एकदा वाकून पाहावेत.

छन्नी आधी, ब्रश नंतर

निदान करणे अवघड नाही. हलक्या हातोडीने छतावर ठोकत जावे. सशक्त काँक्रीट टणक वाजते, सुटलेले भदभद वाजते. जेथे पोकळ वाजेल तेथे खडूने खूण करावी. भेगांकडेही नीट पाहावे. जाळीसारख्या बारीक भेगा बहुधा गिलाव्याच्या असतात आणि त्यांचे भय नाही. सरळ रेषेत, सळईच्या अंतराने, कडेला तपकिरी डाग घेऊन येणारी भेग ही गंजाची. खांबाला किंवा तुळईला अशी भेग असेल तर तेथे गवंड्याने हात घालू नये. आधी अभियंत्याला दाखवावे, टेकू लावावेत, मग पुढचे. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींच्या तपासणीची तरतूद महानगरपालिका कायद्यात आहे, पण पोपडा पडू लागल्यावर तीस वर्षे मोजत बसण्यात अर्थ नाही.

दुरुस्तीचा क्रम ठरलेला आहे आणि त्यातली एक पायरी गाळली तर बाकीच्या फुकट जातात. सुटलेले काँक्रीट छन्नीने काढायचे आणि सळईच्या मागेही बोटभर जागा मोकळी करायची. येथेच कामचुकारपणा होतो. समोरचा गंज तारेच्या ब्रशने घासला जातो आणि मागचा तसाच राहतो. सळई पांढरी होईपर्यंत घासावी. ती फार झिजली असेल तर शेजारी नवी सळई पुरेसा जोड देऊन बांधावी. त्यावर गंजरोधक प्राइमर, मग जुन्या-नव्याला धरणारा बाँडिंगचा हात आणि तो ओला असतानाच पॉलिमर मिसळलेला मसाला थराथराने दाबून भरावा. शेवटी गोड्या पाण्याने क्युरिंग. नुसता सिमेंट-वाळूचा माल लिंपून वर पी.ओ.पी. फिरवणे ही दुरुस्ती नव्हे.

एक गोष्ट जाणत्या कारागिरांनाही चकवते. मीठ मुरलेल्या स्लॅबला मध्येच ठिगळ लावले की ठिगळातली सळई सुरक्षित राहते, पण ठिगळाच्या कडेबाहेरची सळई आधीपेक्षा जोरात गंजू लागते. मालक म्हणतो, काम वाईट केले. कारागीर म्हणतो, माझी जागा तर शाबूत आहे. दोघेही खरे बोलत असतात. म्हणून पोकळ वाजणाऱ्या जागेच्या पुढे, गंज न दिसणारी स्वच्छ सळई लागेपर्यंत काँक्रीट काढावे लागते आणि तेवढे क्षेत्रफळ आधीच अंदाजपत्रकात धरावे लागते.

गच्चीचे म्हणाल तर रंगापेक्षा उतार महत्त्वाचा. पाणी साचते तेथे कितीही महाग लेप टिकत नाही. कोबा फुटला असेल तर भेगा कापून भराव्यात, पन्हाळीचे तोंड मोठे करावे आणि मग पांढरा लेप किंवा चिनी मोझॅक करावा. पांढऱ्या पृष्ठभागाने ऊन परततेही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा खालच्या खोलीत हा फरक जाणवतो. तापून-निवून स्लॅब जेवढा कमी ताणला जाईल तेवढ्या भेगाही कमी पडतात. ज्यांना महागडे लेप परवडत नाहीत त्यांनी चुन्याची सफेदी दरवर्षी करावी. ती एका पावसात पातळ होते खरी, पण माळवदाला माती घालणाऱ्यांच्या नातवंडांना एवढे जड जाऊ नये.

गच्ची किंवा न्हाणीघर ॲसिडने धुण्याची पद्धत मात्र बंद झाली पाहिजे. बाजारात मिळणारे ते ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. ते सिमेंट खाते आणि मागे क्लोराइड ठेवून जाते. डाग जातो आणि रोग घरात येतो. भिंतीला लोणा लागला तर तो कोरड्या ब्रशने झाडावा आणि ओल कोठून येते ते शोधावे. बाहेरून ऑइलपेंट मारून ओल आत कोंडू नये, कारण कोंडलेली ओल रंगालाच फुगा आणते.

रमजान ईदच्या आधी घर रंगवून घ्यायची घाई सर्वांनाच असते. नव्या गिलाव्याला महिनाभर तरी वाळू द्यावे लागते, हे त्या घाईत कोणी ऐकत नाही. ईद ज्या वर्षी पावसाळ्यात येईल त्या वर्षी बाहेरचा रंग पुढे ढकलावा आणि आतल्या खोल्यांवर भागवावे.

हमी तोंडी नको

आता धंद्याचे बोलू. ज्या कारागिराकडे हातोडी, ग्राइंडर आणि हे ज्ञान आहे त्याला पुढील पंचवीस वर्षे कामाची वाण पडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकांत पडलेले स्लॅब आता चाळिशी-पन्नाशीत आहेत. नव्या बांधकामात मंदी येते, दुरुस्तीत येत नाही. आमच्या तरुण गवंड्यांनी आणि रंगाऱ्यांनी एकमेकांचा हात धरून हे काम घ्यावे. आज गवंडी सळई पाहतो आणि रंगारी रंग पाहतो. मधल्या प्राइमरची जबाबदारी कोणाचीच नसते.

मालकानेही 'चौरस फुटाला किती?' एवढेच विचारून थांबू नये. दुरुस्तीचे किती फूट आणि रंगाचे किती फूट हे वेगळे लिहून घ्यावे. प्राइमर व पॉलिमर कोणत्या कंपनीचे, एका पोत्याला किती लिटर, हे कागदावर असावे. डबे सीलबंद आणवावेत. सळई घासून झाल्यावर, प्राइमर लावण्यापूर्वी, स्वतः शिडीवर चढून पाहावे व मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. दहा वर्षांची तोंडी हमी देणाऱ्यापेक्षा तीन वर्षांची लेखी हमी देणारा बरा. आणि तिसरा हप्ता एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायला जो राजी होईल त्याला दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

कामाला उत्तम काळ दिवाळीनंतर ते फेब्रुवारीअखेर. एप्रिल-मेमध्ये काम करणे भागच पडले तर भरणीचा मसाला सकाळी दहाच्या आत किंवा उन्हे उतरल्यावर भरावा आणि लगेच ओले गोणपाट टाकावे. कोरड्या, उष्ण हवेत क्युरिंग किमान दहा दिवस आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर चौदा दिवस. पॉलिमरच्या मसाल्याला डब्यावर लिहिलेली मुदत पाळावी. गोणपाट भिजवायला पाणी नळाचे घ्यावे. एका खोलीच्या दुरुस्तीला ते दिवसाला चार-पाच बादल्यांपेक्षा जास्त लागत नाही.