जिना उतरताना गुडघा का दुखतो?

गिरगावात फणसवाडीच्या परिसरातल्या जुन्या चाळींचे लाकडी जिने उभ्या चढाचे. चढताना दम लागतो, पण दुखरा गुडघा जास्त कुरकुरतो तो उतरताना. शरीर एकदम खाली आदळू नये म्हणून मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच ब्रेक लावतो आणि त्या ओढीनं सांधा आणखी दाबला जातो. ६० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर तेव्हा क्षणभर २०० किलोंच्या आसपास भार येतो. पायरी उंच असली की गुडघा अधिक वाकतो, ओढही वाढते. म्हणून कठडा जरूर धरावा. थोडं वजन हात पेलतो. उतरताना दुखरा पाय आधी खाली टाकावा, म्हणजे ब्रेकचं काम वरच्या धडधाकट पायावर पडतं. चढताना मात्र धडधाकट पाय आधी.