हात बसल्यानंतरचा प्रश्न

महाराष्ट्रात शिकलेल्या कितीतरी घरांमध्ये जुन्या फायलीत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएटचं प्रमाणपत्र सापडतं. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर, आणि शेवटी ए, बी किंवा सी ग्रेड. या शासकीय रेखाकला परीक्षांनी एक मोठं काम केलं. आठवी-नववीतल्या मुलाला तांब्या, दोन लिंबं आणि मागचा चुण्या पडलेला कपडा कागदावर नीट उतरवता येऊ लागला. पुढे फाउंडेशन, मग बीएफए. तिथेही पहिली दोन वर्षं स्केचिंग, स्टिल लाइफ, हेड स्टडी, लाइफ (म्हणजे समोरच्या मॉडेलवरून शरीराचं चित्रण), कॉम्पोझिशन यांत जातात. हात बसतो. सर मान डोलावतात. घरचेही खूश असतात, कारण पोर्ट्रेट हुबेहूब येतं.

अडचण त्यानंतर सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या वर्षाची ज्युरी म्हणजे विद्यार्थ्याने आपलं काम भिंतीवर लावायचं, समोर दोन-चार शिक्षक आणि बाहेरून आलेला एखादा चित्रकार बसणार, आणि चर्चा. इथे रंग कुठला वापरला किंवा प्रमाण कुठे चुकलं हे फारसं कुणी विचारत नाही. विचारतात ते हे, की हे का केलंस? कॅनव्हासच का? एवढं मोठं का? हा माणूस पाठमोरा का? आजवर ‘कसं’ या एकाच प्रश्नाची तयारी केलेल्या मुलाची इथे बोबडी वळते. समकालीन कलेचा सिद्धान्त आणि सराव एकत्र शिकणं म्हणजे काय, याचं साधं उत्तर या ‘का’पाशी आहे.

हा प्रश्न आपल्याकडे उशिरा आला, आणि त्याला इतिहास आहे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून मुंबईत १८५७ साली जेजे स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं, तेव्हा चित्रकाराने विचार करावा अशी अपेक्षा फारशी नव्हती. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या कलाशाळेच्या धर्तीवर अभ्यासक्रम आखला गेला. प्लास्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन करायचं, नक्षीकाम शिकायचं, चांगला कारागीर व्हायचं. जेजेतले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून जेजेच्या विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेलं आणि पुढची बारा-तेरा वर्षं लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. लंडनला गेलेल्या त्या प्रतिकृतींपैकी अनेक पुढे आगीत नष्ट झाल्या. ज्यांनी त्या केल्या त्यांच्या नजरेवर अजिंठ्याचा संस्कार झालाच असणार, पण त्यांचं काम हुबेहूब नक्कल करण्याचं होतं. त्या भिंतींशी वाद घालायला त्यांना कुणी पाठवलं नव्हतं.

वाद पुढे झाला, तो बराचसा वर्गाबाहेर. फ्रान्सिस न्यूटन सूझा जेजेतून काढून टाकलेला विद्यार्थी. १९४७ मध्ये त्याने रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांच्यासह प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. युरोपातून मुंबईत आलेले वॉल्टर लँगहॅमर, रुडी फॉन लायडन यांच्यासारखे चित्रकार-समीक्षक हेच या तरुणांचे खरे थिअरीचे प्राध्यापक. आधुनिक युरोपीय कलेची चर्चा व्हायची ती लँगहॅमरच्या घरी. पुढे वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये एका छताखाली चित्रकारांचे स्टुडिओ, अल्काझींच्या नाटकाच्या तालमी आणि रविशंकर यांचा संगीतवर्ग नांदत होते. जेजेत शिकत असतानाच नलिनी मलानी यांनी तिथे स्टुडिओ घेतला. सकाळी कॉलेजात मॉडेलवरून रंगवायचं आणि नंतर अशा लोकांत बसायचं, हे शिक्षण कुठल्याही अभ्यासक्रमात लिहिलेलं नव्हतं.

त्याचा परिणाम लगेच दिसला. चित्रकार अकबर पदमसी यांनी १९६९ मध्ये नेहरू फेलोशिपच्या पैशातून मुंबईत व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप सुरू केलं. चित्रकार, छायाचित्रकार, फिल्मवाले एकत्र. पदमसींनी स्वतः तिथे फक्त रेषांचा अकरा मिनिटांचा अॅनिमेशनपट केला. मलानी त्या वेळी नुकत्याच जेजेतून बाहेर पडल्या होत्या. त्यांनी कॅमेऱ्याशिवाय छायाचित्रं केली आणि वास्तूच्या रंगीत मॉडेलवरून ‘ड्रीम हाउसेस’ ही छोटी फिल्म केली. काही वर्षांनी त्याच फिल्मशेजारी मुंबईकडे बघत उभ्या असलेल्या तरुणीची कृष्णधवल फिल्म लावून ‘युटोपिया’ घडलं. स्वप्नातली घरं एका पडद्यावर, प्रत्यक्षातलं शहर दुसऱ्यावर. ब्रशनं हे सांगता आलं नसतं, म्हणून फिल्म. याच मलानींना २०२३ चा क्योटो पुरस्कार मिळाला.

वर्गातच ‘का’ विचारायची सोय करण्याचं श्रेय मात्र बडोद्याला द्यावं लागतं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला विद्याशाखा १९५० मध्ये सुरू झाली. चित्रकला विभागाचे प्रमुख होते इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पाला शंखो चौधुरी, आणि थोड्याच दिवसांत शांतिनिकेतनहून के. जी. सुब्रमण्यन आले. इथे पदविकेऐवजी पदवी मिळणार होती. म्हणजे रंगवणाऱ्यानेही कलेचा इतिहास आणि सौंदर्यशास्त्र वाचायचं होतं, निबंध लिहायचे होते. विशेष म्हणजे शिकवणारेही रंगवणारेच होते. गुलाममोहम्मद शेख आणि रतन परिमू हे कलेचा इतिहास शिकवत आणि स्टुडिओत जाऊन चित्रंही काढत. थिअरीचे सर निराळे आणि प्रॅक्टिकलचे निराळे, ही आपल्याकडची वाटणी तिथे बरीच पुसट होती.

या शाळेचं सगळ्यात मजेशीर फळ म्हणजे भूपेन खख्खर. मुंबईचा चार्टर्ड अकाउंटंट. जेजेच्या संध्याकाळच्या वर्गात थोडं शिकलेला. १९६२ मध्ये तो बडोद्याला गेला तो कलासमीक्षेचा अभ्यासक्रम करायला, आणि समीक्षक व्हायचं सोडून चित्रकार झाला. सुरुवातीला त्याने बाजारात मिळणाऱ्या देवादिकांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवून कामं केली, मग शिंपी, न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी माणसं रंगवली. ‘जनता वॉच रिपेअरिंग’ आणि ‘बार्बर्स शॉप’ ही चित्रं अकादमीतल्या पट्टीने पाहिली तर बेढब वाटतील. शरीररचना ढिली, पर्स्पेक्टिव्ह वेडंवाकडं. पण कॅलेंडर आणि दुकानाच्या पाट्या याही चित्रभाषा आहेत आणि मध्यमवर्गीय माणूस त्यांतच राहतो, हे त्याने वाचून, पाहून, विचार करून ठरवलेलं होतं. २०१६ मध्ये लंडनच्या टेट मॉडर्नने त्याच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. १९६९ ते १९७३ या काळात शेख आणि खख्खर यांनी ‘वृश्चिक’ हे नियतकालिकही चालवलं. चित्रकारांनी स्वतःचं नियतकालिक काढून भांडणं, हीही त्या शिक्षणाचीच खूण.

थिअरीच्या वर्गात नेमकं शिकवतात तरी काय? यादी लांब आहे, पण तिच्या मुळाशी दोन-तीन धक्के आहेत. फ्रेंच कलाकार मार्सेल द्यूशाँने १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनासाठी ‘आर. मट’ अशी सही करून बाजारातलं तयार मुतारीचं भांडं पाठवलं. संयोजकांनी ते मांडलंच नाही, मूळ वस्तू तर पुढे हरवली. तरी कलावस्तू कोण ठरवतं, हात की निवड की संस्था, हा प्रश्न त्यानंतर कुणालाही टाळता आला नाही. १९७३ मध्ये मायकल क्रेग-मार्टिन या कलाकाराने फळीवर पाण्याचा ग्लास ठेवला आणि सोबतच्या मजकुरात हे ओकचं झाड आहे असा दावा केला. हाच क्रेग-मार्टिन पुढे लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजमध्ये शिकवत होता. तिथे चित्रकला, शिल्पकला अशा विभागांच्या भिंती काढून टाकल्या होत्या. त्या वर्गांतून आलेल्या डेमियन हर्स्ट आणि त्याच्या मित्रांनी १९८८ मध्ये ‘फ्रीझ’ हे प्रदर्शन गोदीतल्या रिकाम्या इमारतीत स्वतःच भरवलं. जॉन बर्जरची ‘वेज ऑफ सीइंग’ ही बीबीसीवरची १९७२ ची मालिका आणि तिच्यावरचं पुस्तक तर आपल्याकडच्या विद्यार्थ्यांच्याही हाती हमखास पडतं. युरोपीय चित्रांतली नग्न स्त्री कुणासाठी रंगवलेली असते, हे बर्जरने इतकं सोपं करून सांगितलं की लाइफच्या वर्गात मॉडेलसमोर बसलेला विद्यार्थी नंतर जरा अवघडूनच बसतो. ते बरंच आहे.

हे सगळं पेपरात दहा मार्कांच्या उत्तरापुरतं पाठ करता येतं, आणि दुर्दैवाने बहुतेक ठिकाणी तसंच होतं. द्यूशाँवर टीप लिहून पूर्ण मार्क मिळवायचे आणि स्टुडिओत जाऊन पुन्हा वारली नक्षीचा कॅनव्हास रंगवायचा. याच्या उलट रोगही आहे. स्मृती, अस्मिता, अवकाश, देह असे शब्द पेरलेलं इंग्रजी स्टेटमेंट आधी तयार करायचं आणि त्याला साजेसं काम नंतर जुळवायचं. ज्युरीतल्या अनुभवी माणसाला हे दारातूनच कळतं.

काम आणि विचार एकत्र आले की काय होतं, याची उदाहरणं शोधायला दूर जावं लागत नाही. शिल्पा गुप्ता जेजेच्या शिल्पकला विभागातून १९९७ मध्ये बाहेर पडल्या. ‘ब्लेम’ या कामात त्यांनी कृत्रिम रक्त भरलेल्या छोट्या बाटल्या मुंबईच्या लोकल गाड्यांत नेल्या. ज्या डब्यात कंगवे आणि पिना विकल्या जातात तिथे धर्माधर्मांत वाटल्या जाणाऱ्या दोषाचा माल. जेजेतूनच चित्रकला शिकलेले जितीश कल्लाट यांनी २०१० मध्ये स्वामी विवेकानंदांचं ११ सप्टेंबर १८९३ चं शिकागोतलं भाषण त्याच शहरातल्या आर्ट इन्स्टिट्यूटच्या जिन्यावर दिव्यांच्या अक्षरांत मांडलं. रंग घेतले अमेरिकेच्या दहशतवाद-इशाऱ्याच्या पाच पातळ्यांचे. ९/११च्या हल्ल्याशी जुळणारी तारीख आणि जागा एवढ्या दोन गोष्टी नेमक्या जोडल्या आणि काम उभं राहिलं. प्रभाकर पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे, कोळसा खाणीत काम करणाऱ्या घरातले. खैरागढला शिल्प शिकले, बडोद्याला एमएफए केलं. त्यांची मोठमोठी भित्तिचित्रं कोळशाने रेखाटलेली असतात. चारकोल हा प्रत्येक विद्यार्थ्याच्या बॉक्समध्ये असतो. तो आपल्याच घराचा इतिहास आहे हे ओळखायला मात्र हाताची सफाई पुरत नाही. नागपूर आणि बडोदा इथे शिकलेल्या सवी सावरकरांनी अस्पृश्यतेची चित्रं काढली, तेव्हा त्यांच्या पाठीशी आंबेडकरी विचाराची परंपरा होती. थिअरी म्हणजे फक्त फ्रेंच आणि जर्मन नावं, हा समज त्यांच्या कामाने खोटा ठरवला.

भाषेचा अडसर मात्र खरा आहे. सांगली, लातूर किंवा सावंतवाडीहून आलेल्या मुलाला जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिनचा निबंध इंग्रजीत वाचताना दुहेरी कसरत करावी लागते, आणि मग तो थिअरी आपल्यासाठी नाहीच असं ठरवून मोकळा होतो. वास्तविक मराठीत या विषयाची शिदोरी अगदीच रिकामी नाही. कवी बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर मांडणी केली. रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’ला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जेजेत शिकवणाऱ्या संभाजी कदमांनी चित्रकाराच्या अंगाने सौंदर्यशास्त्रावर लिहिलं. आणि प्रभाकर बरवे यांचं ‘कोरा कॅनव्हास’ तर प्रत्येक कला महाविद्यालयात पहिल्या वर्षीच हाती द्यावं असं पुस्तक आहे. पान, घड्याळ, पिन अशा साध्या वस्तू रिकाम्या अवकाशात ठेवणारा हा चित्रकार आपल्या विचाराची प्रक्रिया वह्यांमध्ये टिपत राहिला. वस्तू, जागा आणि त्यांच्यातलं नातं यांबद्दल इतकं स्वच्छ मराठी दुसऱ्या कुणा चित्रकाराने क्वचितच लिहिलं असेल. अलीकडे ‘हाकारा’सारखं द्वैभाषिक नियतकालिक समकालीन कलेवर मराठीत मजकूर प्रसिद्ध करतं. पण अभ्यासक्रमातल्या वाचनयादीत यातलं किती असतं? फारच थोडं.

व्यवस्था हळूहळू बदलते आहे. जेजेला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आता अभ्यासक्रम स्वतः आखायची मोकळीक आहे, तेव्हा थिअरीचा पेपर आणि स्टुडिओ यांच्यातली भिंत पाडायला सबब उरलेली नाही. कोची-मुझिरिस बिएनाले हे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन २०१२ मध्ये सुरू करणारे बोस कृष्णम्माचारी आणि रियास कोमू हे दोघेही जेजेचेच विद्यार्थी. २०१४ पासून त्या बिएनालेबरोबर स्टुडंट्स बिएनाले भरते. देशभरातल्या सरकारी कला महाविद्यालयांतली मुलं तिथे क्युरेटरबरोबर काम करतात, जागेनुसार मांडणी करायला शिकतात आणि अनोळखी प्रेक्षकाला उत्तरं देतात. चार वर्षांत वर्गात न शिकलेली गोष्ट तिथे काही आठवड्यांत कळते, असं म्हटलं तर फार वावगं ठरू नये.

पालकांचा प्रश्न वेगळा असतो: पोट भरेल का? चित्र विकून जगणारे थोडेच. बाकीचे शाळेत कलाशिक्षक होतात, अॅनिमेशन, सेट, डिझाइन, प्रदर्शनांची मांडणी यांत शिरतात. तिथेही ‘का’ विचारायची सवय झालेल्यालाच पुढची कामं मिळतात.

मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर, पणजी, छत्रपती संभाजीनगर इथल्या कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं भरतात तेव्हा तिथे मुख्यतः विद्यार्थी आणि त्यांचे नातेवाईकच दिसतात. वाचकांनी यंदा आपल्या जवळच्या प्रदर्शनाला जावं. एखाद्या कामासमोर ‘यात काय आहे?’ असं वाटलं तर तिथून निघून येऊ नये. ते काम करणारा विद्यार्थी बहुधा बाजूलाच उभा असतो. त्याला विचारावं, मराठीत विचारावं, आणि उत्तर पटलं नाही तर तसंही सांगावं.