सौर पंप बसवण्याआधी उसाची सावली मोजा



अलीकडे आपल्या शिवारात विहिरींच्या कडेला सौर पंपाची पॅनेले दिसू लागली आहेत. रात्रपाळीची लाईट, अंधारात बॅटरी घेऊन मोटारीकडे जाणे आणि पायाखाली साप-विंचवाचे भय, हा जाच ज्याने सोसला त्याला दिवसा मिळणाऱ्या पाण्याचे मोल सांगायला नको. २०१९ साली केंद्राची कुसुम योजना आली आणि २०२४ साली राज्याची ‘मागेल त्याला सौर कृषी पंप योजना’ सुरू झाली. या योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याचा ५ टक्के ठेवला आहे. अडीच एकरांपर्यंत ३, पाच एकरांपर्यंत ५ व त्यापुढे साडेसात अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण आहे.

पंप मिळाला म्हणजे पाणी मिळालेच, असे मात्र समजू नये. ऊसवाल्याची चूक होते ती जागा निवडताना.

जागा. पॅनेले बहुधा ऊस तुटून गेल्यावर, रान मोकळे असताना बसतात. तेव्हा सगळीकडे ऊनच ऊन दिसते. पुढच्या दिवाळीला तोच खोडवा डोक्यावर जातो. त्यात हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. डिसेंबरात सकाळी साडेनऊच्या सुमारास १२ फूट उंच उसाची सावली सुमारे २० फूट लांब पडते. पॅनेलची खालची कड जमिनीपासून ४ फूट वर असली, तरी १३-१४ फुटांवरचा ऊस तिला झाकतो. पॅनेले एकाला एक जोडून माळ केलेली असते. पाटात एके ठिकाणी बोळा बसला की पुढचे पाणी तुंबते, तसेच इथेही होते. सावली कोपऱ्यावर पडली तरी फटका साऱ्या माळेला बसतो.

म्हणून दक्षिण, पूर्व आणि पश्चिम या तिन्ही बाजूंना २० फूट ऊस नसावा. उत्तरेचा ऊस फारसा आडवा येत नाही. बांधाला लागून जागा धरली तर शेजाऱ्याच्या उसाचाही विचार करा. मोकळी ठेवलेली जमीन वाया जात नाही. तिथे भुईमूग, हरभरा, मेथी-कोथिंबीर खुशाल घ्या.

दिशा व पाया. पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे. कल साधारण आपल्या अक्षांशाइतका, म्हणजे सांगली-कोल्हापूरकडे १७ अंशांच्या आसपास आणि अहिल्यानगरकडे १९ अंशांपर्यंत ठेवावा. काळी जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. वरवरच्या खड्ड्यात रोवलेला खांब वळवाच्या वाऱ्यात टिकत नाही. पाया मुरमापर्यंत न्यावा, काँक्रीटला निदान सात दिवस पाणी मारावे आणि मगच सांगाडा चढवावा.

वायर व अर्थिंग. उसात उंदीर असतातच. तोडीच्या वेळी कोयता चालतो, ट्रॅक्टर-ट्रॉली मागे-पुढे होते. यासाठी वायर पाईपमधून, जमिनीत खोल गाडून न्यावी. वीजरोधकाचे अर्थिंग वेगळे आणि सांगाडा व कंट्रोलरचे वेगळे असावे. ऊन आहे तोवर पॅनेलमध्ये करंट असतोच, बटण बंद केले तरी तो पॅनेलपासून बटणापर्यंत राहतो. चालू पंपाचा जोड हाताने ओढू नका, मोठी ठिणगी उडते. वायर तुटली तर पीळ देऊन चिकटपट्टी लावण्याचा उद्योग नको, माहितगार माणूस बोलवा.

पंपाची निवड. विहीर किंवा बोअरचे पाणी उन्हाळ्यात किती खोल जाते ते मोजून सांगा. पावसाळ्यातली पातळी सांगून घेतलेला पंप मे महिन्यात दगा देतो.

निगा. पाचट पेटवू नका. पॅनेलजवळ तर मुळीच नको. आच लागली की काच व वायर दोन्ही जातात. गाळप हंगामात धुराड्याची राख पडते, हे आपण कारखानावाल्यांनीच कबूल केलेले बरे. जवळच्या गावांतील सभासदांनी त्या दिवसांत आठवड्याला एकदा पॅनेल पुसावे. पुसायचे ते सकाळी लवकर, मऊ फडक्याने. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. बोअरचे पाणी खारट असेल तर वाळल्यावर डाग राहतात, म्हणून लगेच कोरडे करावे.

शेवटी एक गोष्ट गाठीला बांधा. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर सही करण्याची घाई करू नका. भर उन्हात पंप चालवून पाणी डोळ्यांनी बघा, पॅनेलचे नंबर वहीत उतरवून घ्या, पाच वर्षांच्या दुरुस्तीची हमी व विम्याचा कागद ताब्यात घ्या. एकदा सही झाली की मागे फिरणारा माणूस आपण असतो.

जागा ठरवताना शंका वाटली तर खड्डा काढण्याआधी गट ऑफिसमध्ये शेती विभागाच्या माणसाला भेटा. काँक्रीट पडल्यावर सल्ल्याचा उपयोग नसतो.