प्रोजेक्टरवरची अट

1909 सालच्या न्यूयॉर्कमध्ये आपण छोटं थिएटर चालवता, असं समजा. प्रोजेक्टर आपण स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला. तरी त्यासाठी दर आठवड्याला परवान्याचे दोन डॉलर भरावे लागत.

हे पैसे घेणारी मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी डिसेंबर 1908 मध्ये निघाली. एडिसन, बायोग्राफ वगैरेंनी आपली पेटंटं तिथे एकत्र केली. पेटंट म्हणजे नव्या शोधावर ठरावीक वर्षांपुरता मिळणारा मक्तेदारीचा हक्क.

त्यातलं एक पेटंट लॅथम यांचं. प्रोजेक्टरमध्ये फिल्म थांबत-थांबत, झटक्याने सरकते. सरळ ताणलेली असेल तर ती फाटते. म्हणून तिला थोडा सैल वळसा ठेवतात. त्या वळशावाचून मोठं रीळ चालवणं अवघड.

पुढची साखळी पक्की बांधलेली होती. ईस्टमन कोडक कच्ची फिल्म परवानाधारक निर्मात्यांनाच देई. तयार चित्रपट एक्सचेंजकडे, म्हणजे चित्रपट भाड्याने देणाऱ्या पेढीकडे जात आणि तिथून थिएटरात.

थिएटरवाले फसत ते इथेच. यंत्र आपलं, मग त्यावर हवा तो चित्रपट लावू, असं त्यांना साहजिकच वाटे. पण बाहेरचं एखादं रीळ लावलं तरी परवाना जाई, आणि त्याबरोबर परवान्याचे सगळे चित्रपट. रोज नवा खेळ लागणाऱ्या छोट्या थिएटरला हा घाव जिव्हारी लागे.

एक्सचेंजवाले कार्ल लेमली 1909 मध्येच या साखळीतून बाहेर पडले. पुढच्या वर्षापासून पेटंट कंपनीचीच जनरल फिल्म कंपनी एक्सचेंज विकत घेत सुटली. विल्यम फॉक्स यांनी आपलं एक्सचेंज विकायला नकार दिला, तेव्हा त्यांचा परवाना रद्द झाला. ते लढले. 1912 मध्ये सरकारने पेटंट कंपनीवर खटला भरला आणि 1915 मध्ये तिचा हा व्यवहार बेकायदा ठरला.

शेवटचा तंटा यंत्रावरच्या पाटीचा. न्यूयॉर्कच्या सेव्हन्टी-सेकंड स्ट्रीट प्लेहाउसमधल्या प्रोजेक्टरवर ती होती: परवान्याच्याच फिल्म लावा, पाटी काढली तर यंत्र वापरण्याचा हक्क संपला. तिथे लेमली यांच्या युनिव्हर्सल कंपनीचे, म्हणजे परवान्याबाहेरचे चित्रपट लागले आणि पेटंट कंपनी कोर्टात गेली.

एप्रिल 1917 मध्ये सुप्रीम कोर्टाने अट फेटाळली: पेटंट यंत्रातल्या शोधापुरतंच, त्यावर कोणती फिल्म लावायची, हे त्याच्या बळावर ठरवता येणार नाही. माझ्या मते थिएटरवाल्यांचं म्हणणं पहिल्यापासून रास्त होतं. कोर्टाला ते मान्य करायला आठ वर्षं लागली.