टीम पळवायची? आधी लीग टिकवा!

फोनवर रेसिंग टीम चालवायचे गेम भरपूर आहेत. दोस्तांची लीग सुरूही धडाक्यात होते. आणि पाचव्या-सहाव्या रेसला ग्रुपवर शुकशुकाट! असं का होतं? आणि होऊ नये म्हणून लीग चालवणाऱ्यानं काय करायचं?

तामलवाडी. सोलापूर-तुळजापूर हायवेवरचं गाव. टोलनाक्यामुळे बाहेरच्यांनाही नाव माहिती असलेलं. दिवसभर समोरून गाड्या सुसाट जात असतात. पण इथल्या एखाद्याला खरोखरचं रेसिंग करायचं म्हटलं तर? साधं गो-कार्टिंग करायचं तरी मोठं शहर गाठावं लागतं. आणि पुढं फॉर्म्युला कारमध्ये बसायचं स्वप्न असेल तर घरचं रान विकूनही पैसा पुरायचा नाही.

रेसिंग टीम चालवायला मात्र एक साधा फोन पुरतो. हसू नका, जगभरातली पोरं-पोरी हेच करतायत. तुम्हीही करू शकता, गावात बसून, दोस्तांना सोबत घेऊन.

गेम नेमका काय असतो?

या गेममध्ये स्टिअरिंग तुमच्या हातात नसतं. तुम्ही टीमचे मॅनेजर. ड्रायव्हर कोणता घ्यायचा, त्याला पगार किती द्यायचा, गाडीचा कोणता पार्ट आता बदलायचा आणि कोणता अजून एक रेस ओढायचा, टायर कोणते, पेट्रोल किती, पिटमध्ये कधी यायचं, हे सगळं तुम्ही ठरवायचं. मग कॉम्प्युटर रेस पळवतो. तुमचं गणित जमलं की फसलं, ते निकालात दिसतं.

‘ग्रांप्री रेसिंग ऑनलाइन’ म्हणजेच ‘जीपीआरओ’ हा यातला जुना आणि फुकट खेळता येणारा गेम. ब्राउजरमध्ये चालतो. आठवड्यात दोन रेस, मंगळवारी आणि शुक्रवारी. १७ रेसचा एक सीझन, म्हणजे साधारण दोन महिने. रेसआधी सरावाच्या ८ फेऱ्या मिळतात. प्रत्येक फेरीनंतर ड्रायव्हर सांगतो की विंग जास्त झाली, ब्रेक असे हवेत, सस्पेन्शन तसं हवं. ते ऐकून आपण आकडे बदलायचे. रेस युरोपच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी होते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा-साडेबारा वाजलेले असतात. पण जागत बसायची गरज नाही. निर्णय आधीच भरून ठेवायचे आणि झोपायचं. निकाल सकाळी कॉलेजला जाताना एसटीत बघायचा. जिथं लाइट आणि रेंज कधी जाईल याचा भरवसा नाही, तिथं हा प्रकार फिट बसतो.

जीपीआरओत जगभरचे मॅनेजर असतात. त्यामुळे सगळे दोस्त एकाच गटात येतीलच असं नाही. मग गुणांचा आपला वेगळा तक्ता शीटवर ठेवायचा. थेट एकमेकांशीच भिडायचं असेल तर ‘आयजीपी मॅनेजर’मध्ये दोस्तांची स्वतंत्र लीग काढता येते. तिथं रेस चालू असतानाही ड्रायव्हरला सूचना देता येतात, पण त्यासाठी त्या वेळी ऑनलाइन असावं लागतं. आणि हे सगळंच जड वाटत असेल तर ‘एफ-वन फँटसी’ आहे. १० कोटी डॉलरच्या खोट्या पैशात खऱ्या स्पर्धेतले ५ ड्रायव्हर आणि २ टीम घ्यायच्या, बस्स.

यातला कुठलाही गेम घ्या. गेम निवडणं हा सोपा भाग आहे. लीग टिकवणं अवघड.

लीग कुठं मरते?

समजा, तुमची दहा जणांची लीग आहे. पहिल्या आठवड्यात ग्रुपवर दोनशे मेसेज. टीमची नावं, लोगो, एकमेकांना चिडवणं. चौथ्या रेसपर्यंत तिघं पुढं निघून जातात. खालच्या तिघांना कळून चुकतं की आता आपलं काही होत नाही. ते भांडत नाहीत, तक्रार करत नाहीत. फक्त निर्णय भरायचं विसरतात. एकदा, मग दोनदा, मग कायमचं. दहाची लीग सातची होते, सातची पाचची. पाच जणांत पहिलं यायला मजा ती काय? मग पहिल्या नंबरवालाही सोडतो.

आता हे बघा. बारावीनंतर ग्रुप पांगतो. कुणी सोलापूरला, कुणी तुळजापूरला, कुणी पुण्यात कंपनीत. महिन्यातून एकदा ‘काय चाललंय?’ ‘निवांत’ एवढंच बोलणं उरतं. लीग असली की आठवड्यातून दोनदा बोलायला काहीतरी निमित्त मिळतं. लीग बंद पडली की ते निमित्तही गेलं. आणि आधी कोण तुटतो? तोच, शेवटच्या नंबरवाला.

म्हणून लीग चालवणाऱ्याचं खरं काम शेवटच्या नंबरवाल्याला शेवटच्या रेसपर्यंत खेळात ठेवणं. घरी आईला किंवा मावशीला विचारा. भिशीत आकडा किती मोठा यापेक्षा प्रत्येकजण वेळेवर येतो का, हे ती आधी बघते. एक गळाला की पुढचं सगळंच डळमळतं.

मोठ्यांचंही यापेक्षा वेगळं नाही. नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटवर २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची रेस झाली. तिन्ही वेळा सेबॅस्टियन व्हेटेल जिंकला. ट्रॅक होता, गाड्या होत्या, प्रेक्षक होते. पण करांचा वाद सुटला नाही आणि चौथी रेस काही झाली नाही. वेग कमी पडला म्हणून नाही, व्यवहार जमला नाही म्हणून थांबली.

नियम आधी, रेस नंतर

१२ डिसेंबर २०२१, अबुधाबी. सीझनची शेवटची रेस. लुइस हॅमिल्टन आणि मॅक्स व्हर्स्टॅपन, दोघांचे गुण बरोबर ३६९.५. रेस संपत आली असताना एक गाडी धडकली आणि सेफ्टी कार ट्रॅकवर आली. एक फेरी मागं पडलेल्या गाड्यांपैकी फक्त पाचच गाड्यांना रेस डायरेक्टर मायकल मासी यांनी पुढं काढलं आणि शेवटच्या फेरीसाठी रेस मोकळी केली. ताज्या टायरवरच्या व्हर्स्टॅपननं हॅमिल्टनला मागं टाकलं आणि तो पहिल्यांदाच जगज्जेता झाला. मर्सिडीजची तक्रार फेटाळली गेली. पण पुढच्या सीझनला मासी त्या खुर्चीवर नव्हते. नियमाचा अर्थ काय, यावर चाहते आजही तावातावानं भांडतात.

एवढी श्रीमंत स्पर्धा, पगारी वकील, जाडजूड नियमपुस्तक, तरी हे झालं. तुमच्या ग्रुपवर तर नियम ‘अरे, आपण बोललो होतो ना’ असेच असतात! म्हणून पहिल्या रेसआधी एक पान लिहा आणि ग्रुपवर पिन करा. गुण कसे? निर्णय भरायची शेवटची वेळ कोणती? कुणी राहिला तर काय? दोघांचे गुण सारखे झाले तर पुढं कोण? एका माणसानं दोन अकाउंट चालवली तर काय? एवढ्या पाच प्रश्नांची उत्तरं लिहिली तरी अर्धी भांडणं मिटली.

दुसरी गोष्ट. लीग तुम्हीच चालवताय आणि खेळताय पण. म्हणजे आपला तो बाब्या होणारच. तुमचा हेतू कितीही चांगला असो, निकाल तुमच्या बाजूनं लागला की समोरच्याच्या मनात पाल चुकचुकते. त्यावर उपाय साधा आहे. वादासाठी तिघांची समिती आधीच नेमा आणि ज्याचा वाद असेल तो त्या दिवशी बाहेर. त्याच्या जागी चौथा. हा नियम पहिल्यांदा स्वतःला लावून दाखवा.

आणि सीझन सुरू झाल्यावर गुणांना हात लावू नका. २०१४ मध्ये चुरस शेवटपर्यंत राहावी म्हणून फॉर्म्युला वननं शेवटच्या रेसला दुप्पट गुण ठेवले होते. चाहते वैतागले. पुढच्याच वर्षी तो नियम गेला.

शेवटच्याला काय मिळतं?

१९५० साली फॉर्म्युला वनची जागतिक स्पर्धा सुरू झाली तेव्हा पहिल्या पाच जणांनाच नंबराचे गुण मिळायचे. आज पहिल्या दहांना मिळतात : २५, १८, १५, १२, १०, ८, ६, ४, २, १. दहा जणांच्या लीगमध्ये हेच लावलं तर दहाव्यालाही एक गुण मिळतो. चांगलंय. पण गणित करा. पाच रेस ओळीनं जिंकणारा १२५ वर आणि ओळीनं शेवटचा येणारा ५ वर. त्यानं सहावी रेस का खेळावी?

म्हणून तीन गोष्टी करून बघा.

एक, सीझनचे दोन तुकडे. पहिल्या ८ रेसचा एक कप, पुढच्या ९ रेसचा दुसरा. एकूण गुण वेगळे मोजाच, पण नवव्या रेसला दुसऱ्या कपसाठी सगळे पुन्हा शून्यावर. पहिल्या दोन महिन्यांचं ओझं नको, एका महिन्याचं पुरे.

दोन, प्रत्येकाच्या सगळ्यात वाईट तीन रेस वगळा. ही काही मेहेरबानी नाही. खऱ्या फॉर्म्युला वनमध्ये १९९० पर्यंत असं चालायचं. १९८८ मध्ये १६ पैकी सर्वोत्तम ११ रेस धरायच्या होत्या. ॲलन प्रॉस्टनं एकूण १०५ गुण कमावले, आयर्टन सेनानं ९४. पण धरायचे गुण निघाले प्रॉस्टचे ८७ आणि सेनाचे ९०. जगज्जेता सेना! आपल्या लीगमध्ये या नियमाचा फायदा वेगळाच. लाइट गेली, घरात लग्न निघालं, इंटर्नल आली, तरी एका चुकलेल्या रेसनं सीझन हातचा जात नाही.

तीन, पुढच्यानं मागच्याला हात द्यायचा. फॉर्म्युला वनमध्ये आता मागच्या टीमला विंड टनेलमध्ये गाडी तपासायला जास्त वेळ मिळतो आणि चॅम्पियन टीमला कमी. पहिल्याला ठरलेल्या मापाच्या ७० टक्के, दहाव्याला ११५ टक्के. गेममधलं बजेट तुम्हाला बदलता येणार नाही, पण ज्ञान वाटता येतं. नियमच करा. दर रेसनंतर पहिल्या आलेल्यानं शेवटच्याला एक व्हॉइस नोट पाठवायची, ‘मी टायर असे का निवडले’. दोन मिनिटांची. शेवटचा शिकतो, आणि पहिला ‘आपल्याला का जमलं’ हे पहिल्यांदाच नीट मांडतो.

ग्रुपवर नाही, फोनवर

फॉर्म्युला वनच्या टीमनाही उन्हाळ्यात सक्तीनं काम थांबवावं लागतं. तशी तुमच्या लीगला परीक्षेची सुट्टी हवी. सगळ्यांची टाइमटेबलं सारखी नसतात, त्यामुळे सीझन ठरवतानाच विचारून घ्या.

आणि कुणी सलग दोन रेस चुकला तर ग्रुपवर त्याचं नाव टाकून ‘कुठं मेला?’ असं विचारू नका. फोन करा. कदाचित गेमचा कंटाळा आला असेल. कदाचित रिचार्ज संपलं असेल आणि ते ग्रुपवर सांगायला लाज वाटत असेल. कदाचित घरात काही बिनसलं असेल. लीग चालवणाऱ्याला हे सगळ्यात आधी कळतं, कारण कोण गप्प झालंय हे तक्त्यात दिसत असतं. त्या वेळी गेमचं बोलायचंच नाही. ‘कसा आहेस?’ एवढंच विचारायचं. तो परत खेळेल न खेळेल, दोस्त तर राहील.

पैसे? नकोच!

चार रेस झाल्या की कुणीतरी म्हणणारच, ‘शंभर-शंभर काढू राव, मग सगळे सिरीयस खेळतील.’ तिथं ठाम नाही म्हणा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे भरून, जास्त पैसे मिळतील या आशेनं खेळायच्या ऑनलाइन गेमवर त्यात बंदी आहे. ‘यात नशीब नाही, डोकं लागतं’ हा बचावही तिथं चालत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, शंभर रुपये एकाला काहीच नसतात आणि दुसऱ्याचा आठवड्याचा एसटीचा खर्च असतो. पैसे आले की पहिला बाहेर पडणार तोच, ज्याला सांभाळायला आपण एवढे नियम केले.

याचा पुढं काही उपयोग? आहे. इंजिनीअरिंगची पोरं स्वतः गाडी बांधतात त्या फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेत एकूण १००० गुण असतात. त्यातले ३२५ गाडी जागेवर उभी असताना मिळतात : डिझाइनचे १५०, खर्चाच्या हिशेबाचे १०० आणि धंद्याचं नियोजन पटवून देण्याचे ७५. आयआयटी मुंबईची, पुण्याच्या सीओईपीची टीम अशा स्पर्धांत उतरते. तिथंही कुणीतरी हिशेब ठेवतं, वेळा पाळून घेतं, रुसलेल्याला परत आणतं. तुम्ही तेच काम दहा दोस्तांवर शिकताय.

तर या रविवारी नियमांचं एक पान लिहा, दहा नावं गोळा करा आणि एकच सीझन चालवून बघा. बक्षीसही आत्ताच ठरवून टाका. एकही रेस न चुकवता जो शेवटचा येईल, त्याला हायवेवरच्या टपरीवर चहा-भजी. बिल पहिल्या नंबरवाल्यानं भरायचं!