साथीचा काळ, सेवकवर्ग आणि लसीकरण : धानोऱ्यातील अनुभव

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाची कारणे सांगताना वायु, उदक, देश व काल या सर्वांना समान असणाऱ्या भावांचा विचार केला आहे. औषधालयाच्या एकाच खोलीत वावरणाऱ्या वैद्य, सेवक व रुग्ण यांचा वायूही समानच असतो. म्हणून साथीत सेवकवर्गाचे रक्षण हे चिकित्सेचेच अंग होय.

१६ जानेवारी २०२१ रोजी कोविड लसीकरणास आरोग्यसेवकांपासून प्रारंभ झाला. आम्ही लस घेतली. परंतु आमच्याकडील औषधे कुटणाऱ्या मदतनीस बाईंनी नकार दिला. ‘काम सोडा,’ असे आम्ही रागाने बोलून गेलो. नंतर शांतपणे विचारले तेव्हा कारण कळले. लसीने ताप आला आणि तेंदूपानांचा हंगाम बुडाला, तर घराचे गणित कोलमडणार होते.

आम्ही त्यांना रुग्णांपासून दूर, चूर्णांच्या खोलीत काम दिले. वेतन कापले नाही. लसीनंतरच्या दिवसाची भरपगारी रजा कबूल केली. शंकांना गोंडीतून उत्तरे दिली. हंगाम संपताच त्या स्वतःहून केंद्रावर गेल्या.

पुढे २७ नोव्हेंबर २०२१ च्या राज्य शासनाच्या आदेशाने आस्थापनांतील कर्मचाऱ्यांचे पूर्ण लसीकरण आवश्यक ठरले. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही, तथापि लोकारोग्यासाठी वाजवी निर्बंध घालता येतील, असा निर्वाळा दिला.

व्यवसायबंधूंनी रजा, वेतन व पर्यायी काम यांचे नियम पुढील साथीपूर्वीच लिहून ठेवावेत, ही विनंती.